मनाच्या वैद्याची घडण

आमच्या बेळगाव भागात कोणाचे मन थाऱ्यावर नसले की त्याला ‘डोक्याच्या डॉक्टराकडे’ नेण्याचा प्रघात आहे. हा डोक्याचा डॉक्टर नेमका कोण, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. औषधाची चिठ्ठी लिहून देणारा तो मनोविकारतज्ज्ञ. तो वैद्यकीय पदवीधर असतो. चाचण्या घेणारा आणि बोलून उपचार करणारा तो चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ. त्याने वैद्यक शिकलेले नसते आणि औषध लिहिण्याचा अधिकार त्याला नसतो. शाळा-महाविद्यालयांत समुपदेशक असतो, तो तिसरा. अमेरिकेत शालेय मानसशास्त्रज्ञ नावाची आणखी एक जात आहे, ती आपल्याकडे जवळजवळ नाहीच. घरच्या माणसांना यांतला फरक कळत नाही आणि कळावा अशी अपेक्षा करणेही रास्त नाही. दाढ ठणकत असलेल्या माणसाने दंतवैद्यकाच्या शाखा पाठ कराव्यात असे आपण म्हणत नाही. प्रश्न असा आहे की, ज्यांनी हा फरक ओलांडून एकमेकांशी बोलायचे, त्या तज्ज्ञांना तरी तसे शिकवलेले असते काय?

आमची नोकरी कर्नाटक सरकारच्या सेवेत, व्याख्या आणि परिपत्रके यांच्या सहवासात गेली. त्यांतली काही वर्षे अपंग कल्याणाचे काम आमच्याकडे होते. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमानंतर प्रमाणपत्रांची शिबिरे तालुक्या-तालुक्यांत भरू लागली. हाडांचे, डोळ्यांचे, कानांचे डॉक्टर येत; मतिमंदत्वाच्या तपासणीसाठी मात्र मानसशास्त्रज्ञ मिळणे दुरापास्त. मिळाला तर शेजारच्या जिल्ह्यातून, एका दिवसापुरता. शाळेच्या एका खोलीत दार लोटून तो बसे आणि बाहेर व्हरांड्यात आया आपापली लेकरे मांडीवर घेऊन ताटकळत. आत जे काही घडे त्याचे फलित म्हणजे एक आकडा. बुद्ध्यांक ५० ते ६९ असला तर अपंगत्व ५० टक्के, ३५ ते ४९ असला तर ७५ टक्के, २० ते ३४ असला तर ९० टक्के आणि त्याखाली १०० टक्के, असे कोष्टक होते. ४० टक्क्यांची अट पार झाली की पेन्शन, बसचा पास. कोष्टक सोयीचे होते, हे आम्ही नाकारणार नाही. हजारो अर्ज निकाली काढायचे तर काहीतरी मोजमाप हवेच. परंतु व्हरांड्यातल्या एखाद्या आईने, “साहेब, ह्यो शेळ्या राखतोय, एक शेळी कमी आली तर ह्येला आधी कळतंय,” असे सांगितले, तर ते लिहून घ्यायला त्या अर्जात रकाना नव्हता.

त्या खोलीतली चाचणी बहुधा बिने-कामत असे. हे नाव आमच्या वाचकांना ठाऊक असावयास हवे, कारण तिचा जन्म याच मुलखातला. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली बुद्धिमापनाची पहिली चाचणी केली. अमेरिकेत टर्मन यांनी १९१६ साली तिला स्टॅनफर्ड-बिने हे रूप दिले. आणि १९३०च्या दशकात व्ही. व्ही. कामत यांनी ती मुंबई-कर्नाटकातल्या मुलांसाठी एकाच वेळी मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत बसवली. त्यांचे इंग्रजी पुस्तक १९४० साली प्रसिद्ध झाले. बेळगाव, धारवाड, विजापूर हे जिल्हे तेव्हा मुंबई इलाख्यात होते. सीमेवरच्या दोन्ही भाषांना समान न्याय देणारे काम आमच्या भागात क्वचितच होते, आणि एका बुद्धिमापनाच्या चाचणीने ते केले, याची नोंद कोणत्याही पक्षाने घेतलेली नाही! असो. सांगायचे ते हे की, त्या काळच्या मुलांवर बसवलेली ती चाचणी पुढे सत्तर-पंचाहत्तर वर्षे वापरली गेली. हत्यार जुने असले तरी चालते, ते धरणाऱ्या हाताला त्याच्या मर्यादा ठाऊक असाव्या लागतात. त्या मर्यादा ज्ञात करून देणे हे शिक्षणाचे काम आहे.

या विषयात आम्ही खऱ्या अर्थाने ओढले गेलो ते मात्र सेवेतल्या अनुभवामुळे नव्हे, घरातल्या. आमच्या धाकट्या बहिणीचा नातू २०१७ साली दुसरीत होता. घरात मराठी, गल्लीत मराठी आणि कन्नड, शाळा इंग्रजी माध्यमाची. मुलगा बोलका, गोष्टी रंगवून सांगणारा, क्रिकेटची धावसंख्या तोंडपाठ. पण पुस्तक पुढे आले की ओठ मिटायचा. पुढे पुढे शाळेच्या वेळेला त्याच्या पोटात दुखू लागले. शाळेने समुपदेशिकेकडे पाठवले. तिने आईवडिलांना बसवून अर्धा तास प्रश्न विचारले आणि घरात ताण आहे, वडील फिरतीवर असतात, मुलाला वेळ द्या, असा सल्ला दिला. वडील फिरतीवर होते हे खरे, परंतु फिरतीवरच्या बापाची सगळीच मुले अक्षरांना भीत नाहीत. मग मोठ्या शहरातल्या एका रुग्णालयात नेले. तिथे चाचणी झाली, इंग्रजीत आणि थोडी हिंदीत. दोन पानांचा अहवाल आला. त्यात बुद्ध्यांक ७६ आणि ‘सीमारेषेवरील’ हा शब्द. सीमाभागात राहणाऱ्यांना या शब्दाची सवय असते, पण या अर्थाने नव्हे. अहवाल वाचून शाळेने सुचवले की मुलासाठी वेगळी शाळा पाहावी. तिसरे, पोटदुखीसाठी बालरोगतज्ज्ञाकडून मनोविकारतज्ज्ञाकडे चिठ्ठी गेली आणि त्यांनी चिंतेवरचे औषध सुरू करू म्हटले.

या तिघांपैकी कोणीही चुकीच्या हेतूने वागले नाही. प्रत्येकाने आपल्याला शिकवले होते तेच केले. पण तिघांनी एकमेकांना फोन केला नाही, एकमेकांचे कागद पाहिले नाहीत, आणि तिघांपैकी कोणीही वर्गात जाऊन बसले नाही. बहीण आम्हांला म्हणाली, “दादा, तीन डॉक्टरांनी तीन पोरं बघितली. आपलं पोर कुणी बघितलं?”

पुढे एका ओळखीतून धारवाडकडच्या एक तरुण बाई भेटल्या. त्यांनी प्रथम मुलाशी मराठीत गप्पा मारल्या, त्याच्याकडून गोष्ट ऐकली, मग दोन सकाळी शाळेत मागच्या बाकावर बसून राहिल्या. मुलाला कानाने ऐकलेले सगळे समजत होते; छापलेले अक्षर आणि उच्चारलेला ध्वनी यांची सांगड मात्र बसत नव्हती. इंग्रजीत नाही आणि मराठीतही नाही. शिवाय रोज एकेकाला उभे करून मोठ्याने वाचायला लावण्याचा शाळेत परिपाठ होता, पोटदुखीची वेळ त्या तासाची होती. वाचनाची अक्षमता, तिच्यामुळे आलेली भीती, आणि परक्या भाषेतल्या चाचणीमुळे पडलेला आकडा, अशा तीन गोष्टी एकमेकींत गुंतल्या होत्या. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन-अक्षमतेला एकवीस प्रकारांत स्थान दिलेले होतेच. मुलगा त्याच शाळेत राहिला. आज तो वाचतो, सावकाश वाचतो, आणि मोठ्याने वाचणे अजूनही टाळतो. सारे काही सुरळीत झाले, असे लिहिण्याचा मोह आम्ही आवरतो.

त्या मुलाची धाकटी मावशी, म्हणजे आमची भाची, तेव्हा पदवीच्या वर्गात होती. तिने एम.ए.ला मानसशास्त्र घेतले आणि चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ व्हायचे ठरवले. “मामा, नियम तुम्हांला कळतात, मला हे वाचून सांगा,” म्हणत तिने परिषदांचे आणि आयोगांचे कागद आमच्यापुढे आणून टाकले. निवृत्त माणसाला इतके आकर्षक आमंत्रण दुसरे नाही. आम्ही कागद वाचले, आणि कागदांतून मागे मागे जात अमेरिकेपर्यंत पोहोचलो, कारण या व्यवसायाच्या डॉक्टरेटचा सगळा वाद मुळात तिथला आहे.

१८९६ साली लाइटनर विटमर यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय उघडले. विशेष हे की, त्यांच्याकडे आलेल्या पहिल्या मुलांपैकी एकाची अडचण शुद्धलेखनाची होती. म्हणजे हा व्यवसाय शाळकरी मुलाच्या अक्षरांपासूनच सुरू झाला. रुग्णालय, समुपदेशन आणि शाळा यांची वाटणी नंतरची. दुसऱ्या महायुद्धातून लाखो सैनिक परतले, त्यांतले कितीतरी मनाने जखमी होते. मनोविकारतज्ज्ञ पुरे पडेनात. माजी सैनिकांचे खाते आणि सार्वजनिक आरोग्य सेवा यांनी विद्यापीठांना पैसा दिला आणि विचारले, आम्हांला माणसे हवीत, तुम्ही ती कशी घडवणार? उत्तर शोधण्यासाठी १९४९ साली कोलोराडो राज्यातील बोल्डर येथे सत्तरांहून अधिक मंडळी दोन आठवडे बसली. डेव्हिड शॅको यांच्या समितीने १९४७ साली आराखडा दिलेला होताच. निर्णय असा झाला की, मानसशास्त्रज्ञ हा आधी शास्त्रज्ञ आणि त्याच वेळी व्यावसायिक असावा. त्याने पीएच.डी. करावी, संशोधन शिकावे, प्रबंध लिहावा, आणि रुग्णालयात वर्षभराची उमेदवारीही करावी. हे ‘बोल्डर प्रारूप’ म्हणून ओळखले जाते.

कल्पना उदात्त होती. पण उदात्त योजनांचे पुढे काय होते ते आम्ही सचिवालयात पाहिलेले आहे. विद्यापीठातले प्राध्यापक संशोधक होते, त्यांनी संशोधक घडवले. विद्यार्थ्यांना मात्र रुग्ण पाहायचे होते. पदवीनंतर या लोकांनी किती संशोधन प्रसिद्ध केले याच्या पाहण्या झाल्या, तेव्हा सर्वांत अधिक आढळणारी संख्या शून्य निघाली. पाच-सहा वर्षे पोहायला शिकवायचे आणि नंतर त्या माणसाने आयुष्यभर नदीकडे फिरकू नये, असा हा प्रकार. विरोधात आवाज उठले. इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड पीटरसन यांच्या पुढाकाराने १९६८ साली ‘साय.डी.’ म्हणजे मानसशास्त्राची व्यावसायिक डॉक्टरेट सुरू झाली, वैद्यकाच्या पदवीसारखी. १९७३ साली कोलोराडोतच, पण व्हेल या दुसऱ्या गावी परिषद भरली आणि तिने या वाटेला मान्यता दिली. संशोधन वाचता यावे, समजावे, वापरता यावे. ते स्वतः निर्माण केलेच पाहिजे असे नाही, ही भूमिका. यानंतर स्वतंत्र व्यावसायिक विद्यालयांचे पेव फुटले, काही चांगली, काही नुसती फी घेणारी. विद्यार्थी इतके वाढले की पुढे अनिवार्य उमेदवारीच्या जागा अपुऱ्या पडल्या आणि एके काळी दर वर्षी शेकडो जणांना शेवटचे वर्ष पूर्ण करायला जागाच मिळेना. आपल्याकडच्या खाजगी महाविद्यालयांची कथा याहून वेगळी नाही, ही तुलना करण्यास आम्हांला कोणाची परवानगी लागू नये.

दरम्यान दुसरी फाळणी चालूच होती. तिथल्या मानसशास्त्र संघटनेने १९४०च्या दशकाच्या अखेरीस चिकित्सा-मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमांना मान्यता देण्यास सुरुवात केली, १९५०च्या दशकाच्या आरंभी समुपदेशनाच्या आणि १९७१ साली शालेय मानसशास्त्राच्या. प्रत्येक शाखेची स्वतंत्र परिषद, स्वतंत्र नियतकालिक, स्वतंत्र शिक्षक. शाखा झाल्या म्हणजे खोली वाढते, हे खरेच. पण एकाच माणसाचे तीन तुकडे करून तीन दालनांत पाठवावे लागतात, हेही तितकेच खरे. आमच्या नातवाची गोष्ट वाचकांच्या लक्षात असेल.

या फाळणीला उत्तर म्हणून काही विद्यापीठांनी सत्तरच्या दशकापासून ‘संयुक्त’ डॉक्टरेट सुरू केली. युटा स्टेट विद्यापीठ हे त्यांतले आरंभीचे. २००३ च्या मे महिन्यात व्हर्जिनियातील जेम्स मॅडिसन विद्यापीठात या मताच्या लोकांची परिषद भरली आणि तिने ‘संयुक्त व एकात्म’ शिक्षणाची रूपरेषा ठरवली. मागणी साधी आहे. मानसशास्त्रज्ञ होऊ पाहणाऱ्याने चिकित्सा, समुपदेशन आणि शाळा यांपैकी दोन तरी क्षेत्रांत प्रत्यक्ष काम करावे. लहान मूल, तरुण, म्हातारा अशा सर्व वयांची माणसे पाहावीत. निरनिराळ्या उपचारपद्धती आणि निरनिराळी ठिकाणे यांत त्याने वावरावे. आणि शेजारच्या शाखेचा माणूस काय करतो ते त्याला शिक्षण चालू असतानाच ठाऊक व्हावे, नोकरी लागल्यावर योगायोगाने नव्हे. शेवटचा मुद्दा आम्हांला सर्वांत मोलाचा वाटला. सरकारी सेवेत प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याला वर्षभर तलाठ्यापासून कोषागारापर्यंत सगळीकडे बसवतात. त्याने तलाठी व्हावे म्हणून नव्हे, तर पुढे तलाठ्याचा कागद त्याच्यापुढे आला की तो कोणत्या हालात लिहिला गेला असेल हे त्याला कळावे म्हणून.

या मताला विरोधही आहे, आणि तो फेटाळण्यासारखा नाही. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण अमेरिकेत नसली तरी आक्षेप हाच. दुभंगलेल्या मनाच्या रुग्णावर उपचार करणारा आणि मुलाला वाचन शिकवणारा माणूस एकच कसा असेल? आयुष्य लहान, विद्या अफाट. उलट दिशेने एक गट तर १९९० च्या दशकापासून म्हणतो आहे की, विज्ञानाने सिद्ध झाले तेवढेच शिकवा, बाकी सगळे गाळा. त्यांनी मान्यतेची आपली निराळी व्यवस्थाही २००७ साली उभी केली. यावर आमच्या भाचीचे म्हणणे ऐकण्यासारखे होते. ती म्हणाली, “मामा, दोन्ही करणारा नको, दोन्ही ओळखणारा पाहिजे.” आम्हांला हे पटले. जनरल सर्जन मेंदूची शस्त्रक्रिया करीत नाही, पण ती कोणाला हवी आहे हे त्याला कळते.

आता आपल्याकडे यावे. कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग १९१६ च्या सुमारास झाला, म्हणजे हा विषय आपल्याकडे काही उशिरा आलेला नाही. गिरींद्रशेखर बोस हे मूळचे वैद्यकाचे डॉक्टर. त्यांनी १९२१ साली दमनाच्या कल्पनेवर प्रबंध लिहून मानसशास्त्रातली डॉक्टरेट मिळवली आणि १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. वैद्य, संशोधक आणि उपचारक असे तिन्ही एका देहात! आपली सुरुवात एकात्मच होती म्हणायची. व्यावसायिक शिक्षणाचा पाया मात्र बंगळुरूला पडला. तिथल्या मानसिक रुग्णालयात १९५४ साली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली, पुढच्याच वर्षी मनोविकारतज्ज्ञ आणि चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ या दोघांच्याही पदविकांचे वर्ग तिथे सुरू झाले; १९७४ साली तिचे निमहान्स झाले. एकाच आवारात, एकाच रुग्णाभोवती दोघे शिकू लागले, ही त्या संस्थेची पुण्याई. ती पदविका पुढे दोन वर्षांची एम.फिल. झाली. वाचकांनी येथे थोडे थांबावे. इतर विषयांत एम.फिल. म्हणजे पीएच.डी.च्या वाटेवरचा एक प्रबंधलेखी थांबा. चिकित्सा-मानसशास्त्रात मात्र तो व्यवसायाचा परवाना होता. रुग्णांच्या संगतीत काढलेली दोन वर्षे, वरिष्ठांच्या देखरेखीखाली. आणि पीएच.डी.? तिच्यासाठी रुग्णाचे तोंडही पाहावे लागत नाही. अमेरिकेत ज्या दोन गोष्टी एका पदवीत कोंबल्यामुळे भांडण झाले, त्या आपण दोन निरनिराळ्या पदव्यांत ठेवल्या, नावे मात्र उलटी दिली. रुग्ण हाताळणाऱ्याची पदवी धाकटी, न हाताळणाऱ्याची थोरली.

हे नावाचे घोळ किती महाग पडतात ते २०२३ साली दिसले. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. बंद करायचे ठरले होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत ते आले, आणि २०२३ च्या डिसेंबरात आयोगाने जाहीर केले की ही पदवी आता मान्य नाही, विद्यार्थ्यांनी प्रवेश घेऊ नयेत. त्याच वेळी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाची व्याख्या लिहिताना एम.फिल. हे शब्द छापलेले होते! एका खात्याने जी पदवी कायद्यात कोरली तीच दुसऱ्याने नियमाने पुसली. भाची प्रवेशपरीक्षेच्या तयारीत होती. एम.ए. झाले, वय वाढते आहे, घरात स्थळांची चर्चा, आणि ज्या दारासाठी दोन वर्षे अभ्यास केला ते दारच भिंतीत बुजवलेले. त्या आठवड्यात ती आमच्याकडे येऊन बसली ती काही बोलेचना. आम्ही तिला एवढेच सांगितले की, जिथे दोन कायद्यांची टक्कर होते तिथे तिसरे परिपत्रक येतेच, थोडी कळ काढ. जानेवारी २०२४ मध्ये आयोगाने चिकित्सा-मानसशास्त्र आणि मनोविकार-समाजकार्य या दोन विषयांपुरती २०२५-२६ पर्यंत मुभा दिली. चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही वर्तविलेले एकमेव भविष्य खरे ठरले, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत पडले.

मुभा म्हणजे उत्तर नव्हे. तिच्या पुढे वाटा दोन. भारतीय पुनर्वास परिषदेने चार वर्षांची साय.डी. आखली आहे, ती सरळ व्यावसायिक डॉक्टरेट. नाहीतर एम.फिल. आणि मग पीएच.डी. भाचीने २०२४ साली एम.फिल.ची जागा मिळवली, कारण ती मिळत होती. पण डॉक्टरेटचा प्रश्न उरलाच, आणि त्याहून मोठा प्रश्न असा की, या वाटांपैकी कोणती तिला वर्गातल्या मागच्या बाकावर नेऊन बसवील? कागद पाहता, कोणतीच नाही. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ पुनर्वास परिषदेकडे नोंदले जातात. २०२१ साली संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी नवा राष्ट्रीय आयोग करणारा कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत मानसशास्त्रज्ञ आहेत, पण कंसात चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ वगळून. शाळेतले समुपदेशक शिक्षण खात्याचे आणि संस्थाचालकांच्या मर्जीचे. म्हणजे नातवाला ज्या तीन खोल्यांतून फिरावे लागले, त्यांना आता तीन स्वतंत्र कुलुपे आहेत. अमेरिकेतील भांडण निदान एकाच संघटनेच्या छपराखाली तरी चालले.

आमचे मत विचाराल तर आपल्यासारख्या देशाला संयुक्त शिक्षणाची गरज अमेरिकेहून अधिक आहे, आणि त्याचे कारण तात्त्विक नाही. तिथे तीन तज्ज्ञ असतात म्हणून ते एकमेकांशी बोलत नाहीत. इथे तालुक्याला एकही नसतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बहुतेक विकारांच्या बाबतीत दर १०० रुग्णांपैकी ७० हून अधिक जण उपचारांवाचून असल्याचे आढळले. बळ्ळारी जिल्ह्यात १९८५ पासून निमहान्सने जो प्रयोग केला, त्यात साध्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना मनोविकार ओळखायला शिकवले गेले. त्याच धर्तीवर १९९६ साली देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला. त्या कार्यक्रमात प्रत्येक जिल्ह्याला चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाचे एक पद आहे. आमच्या सेवेत आम्ही ते पद कागदावर ‘मंजूर’ आणि त्यापुढच्या रकान्यात ‘रिक्त’ असे वर्षानुवर्षे पाहिले. ज्या दिवशी ते भरले जाईल, त्या दिवशी त्या एकट्या माणसापुढे सकाळी भास होणारा शेतकरी येईल, दुपारी परीक्षेला घाबरलेली पोर, संध्याकाळी दारू सोडू पाहणारा ट्रकचालक आणि मधल्या वेळेत प्रमाणपत्राची रांग. ‘ही माझी शाखा नव्हे’ असे म्हणायला त्याच्यापुढे दुसरी खोलीच नाही. त्याला एकाच शाखेत घोटून तयार करणे म्हणजे खेड्यातल्या एकमेव वैद्याला फक्त डाव्या डोळ्याचे शिक्षण देणे होय.

एक उणीव मात्र अमेरिकेच्या कोणत्याही प्रारूपात भरून निघणार नाही, ती भाषेची. भाचीचे सगळे शिक्षण इंग्रजीत. रुग्ण कन्नड, मराठी, उर्दू, कोकणी बोलणारे. तिने एकदा फोनवर विचारले, “मामा, तळमळ म्हणजे काय?” तिच्यापुढे एक बाई बसली होती, ती ‘तळमळ’ म्हणत होती. कन्नडमध्ये हा शब्द जिवाच्या घालमेलीसाठी, अस्वस्थतेसाठी येतो; आपल्या मराठीत तो अंथरुणावर कूस बदलणाऱ्या रुग्णाचाही असतो आणि तळमळीच्या कार्यकर्त्याचाही. बाई घरी मराठी बोलणारी, बाजारात कन्नड. तिची तळमळ कोणत्या भाषेतली? ती आजारी होती, की कशासाठी तरी झुरत होती? पुस्तकातल्या ‘ॲन्झायटी’ या शब्दाने दोन्ही झाकून जाते. जीव घाबरा होणे, मन न लागणे, छातीत धस्स होणे, डोके भणभणणे, अंगात कसर असणे, बाहेरचे होणे, या प्रत्येकाचा वेगळा अर्थ, वेगळी जागा, आणि पुष्कळदा वेगळे औषध. कामतांनी दोन्ही भाषांतल्या मुलांसमोर बसून प्रश्न पारखले. त्यांच्यानंतर मराठी-कन्नड सरहद्दीवरच्या माणसाच्या दुखण्याचे शब्द असे पारखून कोणी मांडलेले आमच्या पाहण्यात नाहीत.

डॉक्टरेटच्या विषयाबद्दल भाची आता जे बोलते आहे ते याच्या आसपासचे आहे: दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांची वाचनाची अडचण रुग्णालयात नव्हे, शाळेत जाऊन तपासायची. तिच्या मार्गदर्शकांना विषय आवडला, पण शाळेत काढलेले तास चिकित्सेच्या अनुभवात धरावेत की नाहीत, याबद्दल ते साशंक आहेत. नियमात तशी तरतूद नाही. तसे विचारणारे पत्र परिषदेला पाठवावे असे आम्ही सुचवले, आणि मसुदाही करून दिला. विषय, संदर्भ, विनंती, सोबत जोडलेली कागदपत्रे, सर्व यथाविधि. उत्तर यावयाचे आहे. तोवर आम्ही एका वहीत शब्द उतरवीत आहोत. भाजी मंडईत, बसस्थानकावर, सत्यनारायणाच्या पूजेला आलेल्या बायकांच्या बोलण्यात मनाच्या दुखण्याचा जो शब्द कानावर पडेल तो, कोणत्या वयाच्या माणसाने आणि कोणत्या भाषेच्या ओघात वापरला यासह. परवा बहिणीकडे वही उघडी राहिली होती. नातवाने ती उचलून पहिली चार पाने मनातल्या मनात वाचली, आणि ‘पोटात गोळा येणे’ हा शब्द आम्ही घेतलेला नाही, हे दाखवून दिले.